शुक्रवारचा श्वास

नारपोलीत लडकूशेठच्या घरात कुणाचा श्वास कसा चाललाय, हे आठवड्यातले सहा दिवस कुणालाच कळत नसे. घराच्या भिंतीला लागून कापड विणणाऱ्या बारा लूम, आणि खडखडाट असा की नवरा-बायकोची भांडणंसुद्धा हातवाऱ्यांनी व्हायची. शुक्रवारी मात्र लूम बंद. त्या दिवशी शेठच्या छातीतली शिट्टी पार ओटीवर ऐकू यायची आणि त्यांच्या बायकोच्या, पुतळाबाईंच्या, जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

शेठ आपले नावाचेच. उमेदीची सगळी वर्षं स्वतः लूमवर उभे राहिलेले, आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून काढणारे. ओढलेल्या प्रत्येक सुताबरोबर थोडी धूळ छातीत जायची, वर बिड्या होत्याच. दिवाळीपासून ते आडवे होऊन झोपलेच नव्हते. पलंगावर बसून, उशी पोटाशी धरून डुलक्या काढायचे. शेवटी डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवायला लावलं. मशीनच्या पारदर्शक नळीत एक गोटी तरंगत असे, ती एकच्या रेघेवर ठेवायची. का, ते डॉक्टरांनी मुलाला, प्रितेशला, आणि सुनेला, मनालीला, कागदावर चित्र काढून समजावलं. प्रितेशने घरी येऊन आईला एवढंच सांगितलं, "त्या बटनाला हात लावू नको हां." का, हे विचारायची पुतळाबाईंना सवय नव्हती, आणि बायकांना सांगत बसायची त्या घरात कुणालाच नव्हती.

त्या शुक्रवारी दुपारी प्रितेश पूर्णा गावातल्या गोदामावर गेला होता आणि मनाली गच्चीवर कपडे वाळत घालत होती. शिट्टी थांबेना. शेठच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, खांदे वरखाली होत होते.

"पुतळे," ते म्हणाले, "हवा पुरत न्हाय गो."

बाईंनी गोटीकडे पाहिलं. रेघा पाचपर्यंत, आणि आपला माणूस एकवर तडफडतोय. चार रेघा रिकाम्या असताना एवढीशी हवा कशाला द्यायची, असं जीव लावणाऱ्या कुणालाही वाटलं असतं. त्यांनी बटण फिरवलं. गोटी पाचवर गेली.

अर्ध्या तासात शिट्टी बारीक झाली. चेहऱ्यावर लाली आली. शेठनी उशी बाजूला सारली. "आज बरा वाटते," म्हणाले, आणि चक्क आडवे झाले.

पुतळाबाई उंबऱ्यावर राखणीला बसल्या. शेजारीण आली, तिला ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. प्रितेशचा फोन आला तेव्हा तोंडावर पदर धरून कुजबुजल्या, "बाबा झोपलेत. बसून न्हाय रे, आडवे!" तोही हसला. "मग उठवू नको," म्हणाला. बाईंनी तिथेच बसून सुके बोंबील निवडायला घेतले, रात्री शेठच्या आवडीचं कालवण करायचं म्हणून. कित्येक महिन्यांत त्या इतक्या सुखात बसल्या नव्हत्या.

संध्याकाळी चहा घेऊन उठवायला गेल्या, तेव्हा शिट्टीही नव्हती आणि श्वासही.

किंकाळी ऐकून मनाली धावत आली. तिने आधी गोटी पाहिली, मग सासूकडे पाहिलं, आणि बटण एकवर आणलं. डॉक्टर आले, हृदय बंद पडल्याचं लिहून गेले.

तिसऱ्या दिवशी मनालीने दार लावून सासूला जवळ बसवलं आणि सांगितलं. छातीत बारीक बारीक फुगे असतात, तिथे चांगली हवा रक्तात जाते आणि वापरलेली बाहेर पडते. बाबांचे फुगे सैल पडलेले, वापरलेली हवा निघतच नव्हती. अशा माणसाला ऑक्सिजन जास्त दिला की ती आणखी साचते, गुंगी येते आणि श्वास मंद होत जातो.

"म्हंजे ती झोप नव्हती?" पुतळाबाईंनी विचारलं.

मनालीला रडू फुटलं. "आई, कुणाला सांगू नका. प्रितेशलासुद्धा नको."

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, भाग्यवान माणूस, झोपेत गेला. पुतळाबाई मान हलवत होत्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नामा आला. शेठच्या लूम दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. त्याची बायको तानी, सुताच्या कांड्या भरून भरून छाती गमावून बसलेली. तिच्यासाठी ऑक्सिजनचं मशीन मिळेल का, असं तो अडखळत विचारत होता.

"ने की," प्रितेश म्हणाला. "गोटी एकवर ठेवायची. बटनाला हात लावायचा न्हाय, एवढाच."

नामाने निमूट मान हलवली. पुतळाबाईंनी ती मान पाहिली आणि त्या कोपऱ्यातून उठल्या. ओटीवर भावकीतली माणसं बसली होती.

"का, ते विचार त्याला," त्या नामाला म्हणाल्या.

"आई, आत चला," मनालीने त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला.

"मला कोनी सांगितला न्हाय, म्हनून मी सांगतंय. मी गोटी पाचवर नेली. ते शांत झोपले. मी दारात राखन बसले, कोनी उठवू नये म्हनून. मीच मारले त्यांना."

प्रितेश भिंतीला टेकून खाली बसला.

"तानी जास्त मागेल," पुतळाबाई नामाला म्हणाल्या. "रडेल, तुझ्या पाया पडेल. देऊ नको. आनि कधी लई गाढ झोपली, तर बरा वाटला म्हनून बसू नको बाबा. हलव तिला. मार, पन उठव."