चमच्याने काढलेलं रक्त

यशवंतने मनगटावरून सुरी ओढली आणि लालभडक ओघळ आला. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या त्या भाड्याच्या हॉलमधली मराठी मंडळी खुर्च्या सोडून पुढे सरकली. त्याने चिनी जडीबुटीची पूड भुरभुरली, ओल्या फडक्याने पुसलं. जखम गायब, व्रणसुद्धा नाही. टाळ्या पडल्या.

"पाच हजार वर्षांचं चिनी ज्ञान आहे हे," यशवंत म्हणाला. "शिवाय क्वांटम लेव्हलला काम करतं. गेनाऊ, अगदी तिथेच, जिथे डॉक्टर पोचत नाहीत."

क्वांटम म्हटलं की आमचे पीएचडीवाले माना डोलावतात.

माझ्या शेजारी त्याच्या सासूबाई बसल्या होत्या, ऊर्मिला. मुलाकडे राहायला आल्यापासून मला मिळालेली ही एकुलती एक मैत्रीण. मुलगा-सून कामावर, नात जर्मनमध्ये उत्तरं देते. दिवसभरात मराठीत बोलणारी हीच. तिला मधुमेह, टाचेला न भरणारी जखम. ती माझ्या कानात म्हणाली, "वसुधाताई, सोमवारी डॉक्टरकडे जायचा टेर्मिन रद्द करते. घरचंच औषध आहे."

गप्प बसले असते तर मैत्री टिकली असती, पण तिचा पाय गेला असता. मी उठून त्याच्या टेबलाशी गेले.

"यशवंतराव, सुरीला आधी काय लावलंत?"

"जंतुनाशक, काकू."

"आणि मनगटाला?"

"तेही जंतुनाशकच. दुसऱ्या बाटलीतलं."

तो अडवायच्या आत मी टेबलावरच्या दुसऱ्या बाटलीतलं पाणी माझ्या मनगटाला चोळलं, खिचडीचा प्लास्टिकचा चमचा पहिल्या बाटलीत बुडवला आणि हातावरून ओढला. तसाच लालभडक ओघळ आला.

"बारावीचं प्रॅक्टिकल आठवतंय का कुणाला?" मी विचारलं. साताऱ्यात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंय मी. "एकात फेरिक क्लोराइड, दुसऱ्यात थायोसायनेट. एकत्र आले की रक्तासारखा रंग. यशवंतराव, हे प्रॅक्टिकल तुम्ही पैकीच्या पैकी मार्कांचं केलंत. जखम झालीच नव्हती, तर भरली कुठून? फडक्याने रंग पुसला. चिनी वनस्पतींत गुण असतीलही, ते तपासून ठरवावं. पण साधा ओरखडा धुऊन स्वच्छ ठेवला की आपोआप भरतो, आणि मधुमेहाची जखम डॉक्टरलाच दाखवावी लागते."

ऊर्मिला जावयामागून निघून गेली.

सोमवारी ती डॉक्टरकडे गेली, असं माझ्या सुनेकडून कळलं. टाच भरत आलीय. माझा फोन मात्र ती उचलत नाही. चारचौघांत जावयाची शोभा झाली, तिचा राग मला कळतो. दुपारी घर खायला उठतं.

तरी सांगते, डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका. विचारा, स्वतः करून पाहा. आणि असं विचारणारी एखादी बाई त्यापायी एकटी पडली, तर तिच्या शेजारी जाऊन बसा.