यादी रिकामी असेल तर

“हे फंक्शन तुमचंच ना, मॅडम?” टीमच्या साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि माझं डोकंच फिरलं. माझं नाही तर कुणाचं असणार? नऊ वर्षं मी हॅस्केल या संगणकाच्या भाषेत कोड लिहिते आहे. तेच तेच पुन्हा लिहायचा मला भयंकर कंटाळा, म्हणून लागेल ते बारीकसारीक फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा कोडचा तुकडा, एका फाइलीत टाकत गेले. नावं नीट मांडणारं, जास्तीच्या मोकळ्या जागा छाटणारं, अशी दोनशेवर जमली. माझी स्वतःची लायब्ररी. नवरा चिडवतो, तुझ्या लायब्ररीला एक तरी सभासद आहे का? नव्हताच. टीममधल्या एकानेही कधी ढुंकून पाहिलं नाही, आणि तो राग मी नऊ वर्षं गिळत आले.

आज पाहिलं, ते हे असं. हॅस्केलमध्ये रिकाम्या यादीतली पहिली नोंद मागितली की प्रोग्राम धाडकन बंद पडतो. मला ते बघवेना, म्हणून मी फंक्शन लिहिलं: यादी रिकामी असेल तर मुकाट्याने कोरी ओळ दे. केवढी मिरवले होते मी त्यावर! आमची टीम ज्या हॉस्पिटलचं काम करते, तिथल्या औषधांच्या पडद्यालाही तेच वापरलं. काल सर्व्हरकडून एका पेशंटच्या अ‍ॅलर्जीची यादी आलीच नाही. प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही, अ‍ॅलर्जीची जागा कोरी ठेवली आणि खाली नेमकं त्याला न चालणारं इंजेक्शन दाखवलं. वॉर्डातल्या सिस्टरांनी पेशंटला तोंडी विचारलं म्हणून तो वाचला.

अख्खी लायब्ररीच काढून टाका, साहेब म्हणाले. मी भांडले. एका फंक्शनपायी दोनशेंवर का राग? ते माझं पुरतं न ऐकताच निघून गेले, त्याने तर तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच सिस्टरांना फोन लावला. चूक सर्व्हरची होती, एवढं तरी कुणी म्हणावं.

“अहो मॅडम, कोरं दिसलं की मी विचारतेच,” त्या म्हणाल्या. “अ‍ॅलर्जी नाही म्हणून कोरं, की माहितीच नाही म्हणून कोरं, हे मला कसं कळणार?”

फोन ठेवला. स्वतःची लाज वाटली.

ते फंक्शन पुसलं. म्हटलं, बाकीची तरी वाचवू. पुढचं उघडलं. तारीख वाचता आली नाही, तर ते गपचूप आजची तारीख द्यायचं. त्याच्या पुढचं, आकडा कळला नाही तर शून्य. किती हौसेने लिहिली होती सगळी.

दहाव्या फंक्शनपर्यंत हीच झाकपाक दिसली, तिथे थांबले आणि साहेबांना निरोप पाठवला: अख्खीच काढते आहे. मीच काढते, दुसऱ्या कुणाला सांगू नका.