आठ अंशांच्या आत

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. पण तुमच्या घरच्या फ्रीजच्या रांगेत मला उभं करू नका. माझ्या पोटात आयुष्यभर फक्त लहान मुलांच्या लसी राहिल्या. एकदा एका बड्या पाहुण्याने आपली पाण्याची बाटली आत ठेवली, तर आमच्या सिस्टरांनी ती काढून त्याच्या हातात दिली. "साहेब, ही जागा बाळांची आहे," म्हणाल्या.

माझा जन्म दूरच्या एका श्रीमंत देशात झाला. तिथल्या सरकारने गरीब देशांना मदत म्हणून माझ्यासारखे हजारो फ्रीज धाडले. छातीवर 'जनतेकडून भेट' असा निळा कागद मिरवत मी या आरोग्य केंद्रात आलो. लस दोन ते आठ अंशांच्या आत राहावी लागते. माझ्या भिंतींत बर्फाचा जाड थर आहे, त्यामुळे वीज गेली तरी मी तीनेक दिवस तग धरतो. बारा वर्षांत मी आठचा आकडा एकदाही ओलांडला नाही. पाहुणे माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे आणि मी फुशारून जायचो. खोटं कशाला बोलू?

मग त्या देशाने हात आखडता घेतला आणि मदत थांबली. इथल्या सरकारने केंद्र एका खासगी कंपनीला चालवायला दिलं. कंपनी पैसा गुंतवणार होती, नवी यंत्रं आणणार होती. त्यात वाईट काही नव्हतं. आमचं गळकं छप्पर कंपनीनेच दुरुस्त केलं. पण मदतीच्या करारात एक अट होती. भेट दिलेली वस्तू नफा कमावणाऱ्याच्या हाती जाता कामा नये.

म्हणून एका सोमवारी सकाळी मदत कार्यालयाचे साहेब आले. हातात सदा याद्या, म्हणून सगळे त्यांना यादीसाहेब म्हणत. सिस्टर तेव्हा वस्तीत होत्या. तिथे गोवराची साथ आली होती आणि लस कुणाकुणाला द्यायची ते त्या घरोघर बघत होत्या. यादीसाहेबांनी माझी वायर काढली, गुंडाळून झाकणावर ठेवली आणि वरून कागदी सील चिकटवलं. झाकण काही उघडलं नाही. आत एकशे वीस बाळांपुरती गोवराची लस होती.

सिस्टर परतल्या आणि त्यांना सील दिसलं. त्यांनी तिथूनच यादीसाहेबांना फोन लावला.

"अहो साहेब, आत लस आहे!"

"सिस्टर, सील तोडणं गुन्हा आहे. वरून परवानगी आणा."

"वर कोण आहे?"

"आता कुणीच नाही. ऑफिस शुक्रवारी बंद होतंय."

सिस्टर कंपनीच्या मॅनेजरबाईंकडे गेल्या आणि त्यांना माझ्यापाशी घेऊन आल्या. "ताई, तुमचा जीव तुटतोय, कळतंय मला," बाई म्हणाल्या. "पण आमचा फ्रीज बंदरात अडकलाय. आणि तुम्ही सील तोडलंत, तर तुम्हाला कामावर ठेवणं माझ्या हातात राहणार नाही." शहरातल्या कोठारात विचारलं, तर पुढची लस महिन्याने येणार होती.

माझ्या तोंडावर आतल्या तापमानाचा एक छोटा आकडा दिसतो, तो स्वतःच्या सेलवर चालतो. मंगळवारी पाच. बुधवारी साडेसहा. बर्फ आतून सुटत चालला होता आणि मला काहीच करता येत नव्हतं. मी घाबरलो होतो, मित्रांनो. सिस्टर दर तासाला येऊन आकडा बघायच्या, फोन करायच्या, पुन्हा यायच्या. माझ्या झाकणावर हात ठेवून त्या एकदाच पुटपुटल्या, "धर रे, थोडा वेळ धर."

गुरुवारी सकाळी सात पूर्णांक सहा झाले. सिस्टरांनी कात्री उचलली.

"सिस्टर, विचार करा," वॉचमनमामा म्हणाले. "घरी दोन पोरी शिकतायत. सगळं तुमच्या एकटीवर आहे."

"म्हणूनच तर, मामा. त्याही याच फ्रीजातली लस घेऊन वाढल्यात. जा, वस्तीत सांगा, बाळांना घेऊन लगेच या."

कचकन सील कापलं गेलं. त्या कागदावरच त्यांनी लिहिलं, 'हे मी तोडले', आणि खाली सही केली. माझी वायर लावली. मग एक बाटली खिडकीपाशी नेली. या बाटल्यांवर एका गोलात छोटा चौकोन असतो. उष्णतेने तो गोलाइतका गडद झाला, की लस फेकून द्यायची. सिस्टर किती वेळ बघत होत्या! मामा दारातच थबकले होते.

"फिका आहे अजून," त्या म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या. संध्याकाळपर्यंत एकशे सतरा बाळं रडून गेली. त्या रडण्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

पुढच्या महिन्यात कंपनीचा फ्रीज आला. चांगला आहे, माझा त्याच्यावर राग नाही. मला नवं सील लावून केंद्राच्या या अडगळीच्या खोलीत ठेवलं आहे. सिस्टरांना मात्र कामावरून काढलं. साथ ओसरली, त्या बाळांपैकी एकही दगावलं नाही, आणि चौकशीच्या कागदात ही गोष्ट लिहायला कुठे रकानाच नव्हता.

अशा कहाणीच्या शेवटी 'मला जपा' असं म्हणायची पद्धत आहे. मला नका जपू. मी लोखंडाचा आहे, पडून राहीन. मोठेपणी तुमच्यापैकी कुणी मदत पाठवाल, कुणी पैसा गुंतवाल, कुणी नुसतं सील लावायला याल. तेव्हा आधी झाकण उघडून आत बघा. आणि त्याही आधी, आमच्या सिस्टरांना परत बोलवा.