अंजनाने भरलेला फॉर्म

"अंजी शिरूरलाच हाय का हितं आलीय?" ज्ञानदेवानं तिसऱ्यांदा विचारलं आणि साहेबरावांनी तिसऱ्यांदा त्याची बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"चल, यष्टी सुटंल," एवढंच ते म्हणाले आणि दौंड स्टेशनाबाहेर भराभरा चालू लागले.

पंचाहत्तर सालचा सप्टेंबर होता. ज्ञानदेव दोन वर्षांनी इंग्लंडहून परतत होता. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तो तिकडच्या विद्यापीठात आरोग्यव्यवस्था शिकायला गेला होता. दवाखाने किती माणसांमागे असावेत, नर्सनं कुणाच्या घरी कधी जायचं, खर्च सरकारनं कसा उचलायचा, असलं सगळं. भांडगावच्या बौद्धवस्तीत हे कुणाला धड समजावता येत नसे, म्हणून सगळे त्याला सरळ डॉक्टर म्हणत. पोरगा डॉक्टर नाही हे साहेबराव दोनदा सांगत आणि तिसऱ्यांदा गप्प बसत, कारण मनातून त्यांनाही ते आवडे. उभा जन्म रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकण्यात गेलेला माणूस. त्यांना तेवढं आवडायचा हक्कच होता.

एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. ज्ञानदेव मात्र बोलत राहिला. धाकट्या बहिणीचं बाळ आता तीन महिन्यांचं झालं असेल, त्याच्यासाठी त्यानं लोकरीचं टोपडं आणलं होतं. घरच्या शेवटच्या तिन्ही पत्रांत 'अंजना खुशाल आहे' असं होतं. मुलगा झाला की मुलगी, हे मात्र कुणी कळवलं नव्हतं. आमच्या माणसांना पत्र लिहायचं कधी कळायचं नाही, असं म्हणून तो तिकडे एकटाच हसलाही होता.

फाट्यावर हलगी वाजत होती. चांगदेव गुरुजींनी त्याच्या गळ्यात हार घातला. घरची पत्रं तेच लिहून देत, पण आज त्याच्या नजरेला नजर द्यायला ते तयार नव्हते. "जयभीम डॉक्टर, जयभीम," म्हणत सगळी वस्ती भोवती जमली. सगळे आनंदानं आले होते, आणि मोकळेपणानं कुणी हसत नव्हतं. समाजमंदिरापुढे जाजम अंथरलेलं होतं. डॉक्टर परदेशातले चार शब्द सांगणार होते.

आक्काबाईंनी मात्र लेकाला आधी घरात ओढलं. गळ्यातला हार स्वतः काढला, दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"अंजी गेली, ज्ञानू. जूनच्या अकरा तारखेला. बाळबी गेलं."

तो खाली बसला.

"मला कळवलं न्हाई?" तो म्हणाला.

"तुझी परीक्षा व्हती. तुझं आबा म्हनलं, येक तर गेली, आता दुसऱ्याचं कशाला बुडवायचं."

आमच्याकडे असंच करतात. परमुलखातल्या माणसाला मरण कळवायचं नाही, तो आला की सांगायचं. पण मग रडायला माणूस उरतो तो एकटाच, कारण बाकीच्यांचं रडून झालेलं असतं. ज्ञानदेवाला रडूही येईना. त्याला रागच आला.

"दौंडच्या दवाखान्यात का न्हाई नेली? आडली व्हती तर न्यायची नव्हती का?"

आक्काबाईंनी त्याच्याकडे नवलानं पाहिलं. "आरं, तूच नर्स धाडणार व्हतास न्हवं?"

"मी?"

"फॉर्म भरून घेतलास की तिच्याकडनं."

आणि मग त्याला सगळं आठवलं. फेब्रुवारीत त्याला तिकडच्या आणि इकडच्या बाळंतपणांवर निबंध लिहायचा होता. त्यानं बहिणीला एक छापील फॉर्म धाडला होता, प्रत्येक प्रश्नाखाली पेन्सिलीनं मराठी लिहून. दवाखाना किती लांब? तपासायला कोण येतं? बाळंतपणाची तारीख कोणती? सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, 'अंजे, इथं सांगितल्या तारखेला नर्स बाळंतिणीच्या दारात हजर होते. तुझंही असंच व्हायला पाहिजे.' शेवटी 'आणखी काही सांगायचे असल्यास' असा रकाना होता. बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून सातवी शिकलेल्या अंजनानं त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आमचे घर समाजमंदिराच्या मागे, लिंबाखाली आहे. कोणालाही विचारले तरी दाखवतील.'

ही ओळ त्यानं वर्गात भाषांतर करून वाचून दाखवली होती. सगळे कौतुकानं हसले होते, प्राध्यापकसुद्धा. निबंधाला वर्गातले सर्वांत जास्त गुण मिळाले होते. बहीण घराचा पत्ता कुणासाठी देते आहे, हे त्या शहाण्याच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. वस्तीत माणूस फॉर्म भरतो तो काहीतरी मिळणार म्हणून. रेशनकार्ड फॉर्म भरून मिळतं, ज्ञानदेवाची शिष्यवृत्तीही फॉर्म भरूनच मिळाली होती.

"धा तारखेलाच कळा सुरू झाल्या," आक्काबाई सांगत होत्या. "धुरपदा सुईन म्हनली, बाळ आडवं हाय, माझ्या हातचं काम न्हाई, दौंडाला हलवा. आबा हमरस्त्यावर जाऊन ट्रक थांबवून घिऊन आलं. पार वस्तीपत्तुर आनला. पर तुझी भन उठंना. म्हनली, कागदावर बारा तारीख घातलीया. दादाची नर्स यील आन् घराला कुलूप बघून माघारी जाईल. बिचारी येवढ्या लांबनं येनार."

"आन् तू?"

"मीबी म्हनलं, दोन दिस कळ काढ. पोराचा कागुद हाय, खोटा कसा व्हईल? ट्रकवाला तासभर थांबला आन् गेला. दुसऱ्या दिशी पोरीची शुद्ध गेली तवा बैलगाडीत घातली. पाटसच्या पुढं..."

बाहेरची हलगी आता थांबली होती.

"तिची सासू, झुंबरबाई, शिरूरवरनं आली ती मातीला उभी राहून म्हनली, शिकल्याली पोर आन् कागदाला धरून मेली, खुळी कुठली. समद्या गावानं ऐकलं. आता समदी तसंच म्हनत्यात." आक्काबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या. "म्हून तुला येक इचारायचं हाय. तीन म्हयनं झालं, वाट बघतीया मी तुझी. तिकडं खरंच येती का नर्स? का आपलं ल्ह्यायचं म्हून ल्हिलंस?"

नाही म्हणावं, असं त्याला वाटलं. बढाई मारली म्हणावं. सगळं पाप आपल्या माथी येईल आणि आईला शिव्या घालायला कुणीतरी मिळेल. पण ती ज्या तोंडानं विचारत होती, त्या तोंडापुढे खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

"येती, आई."

"दिल्याल्या तारखंला?"

"व्हय. दिल्याल्या तारखंला."

"मंग खुळी नव्हती माझी पोर," आक्काबाई म्हणाल्या. किती तरी दिवसांनी त्यांचा श्वास मोकळा झाला असावा. "नव्हती ना रं?"

"नव्हती."

मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आन् घराला कुलूप असलं तर? जाती माघारी?"

"दारात चिठ्ठी टाकती," ज्ञानदेव म्हणाला. दोन वर्षं घोकलेलं उत्तर आपसूक तोंडातून बाहेर पडलं. "आन् दुसऱ्या दिशी परत येती. बाळंतीन भेटंपत्तुर येत ऱ्हाती."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. पण आता ते परत घेता येत नव्हतं.

आक्काबाई रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत.

"येवढं ल्ह्यायचं ऱ्हायलं रं, ज्ञानू," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. जाजमावरची माणसं ताटकळून घराकडे बघत होती. "बसा वाईच," आक्काबाईंनी उंबऱ्यातूनच सांगितलं, "पोराला पानी पिऊ द्या, येतोय त्यो." डोक्यावरचा पदर सारखा करून त्या बायकांमधून वाट काढत गेल्या आणि लेकाचं भाषण ऐकायला सगळ्यांच्या पुढे जाऊन बसल्या.