लगद्याची पेशी

मी एक जुनी पेशी आहे. खरी नव्हे, कागदाच्या लगद्याची. खरी पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि मी अर्धे टेबल अडवते, एवढाच काय तो फरक.

मित्रांनो, माझा जन्म एका मोडक्या पृथ्वीगोलावर झाला. शाळेतल्या जीवशास्त्राच्या सरांनी त्याच्या अर्ध्या भागावर भिजवलेली वर्तमानपत्रे थापली, आठवडाभर उन्हात वाळवली आणि मला सोडवून घेतले. केंद्रक झाले अर्ध्या कापलेल्या रबरी चेंडूचे, तंतुकणिका लाकडाच्या, रायबोसोम मोहरीचे.

"माझ्या डब्यात दाणा उरला नाही, आणि तुमच्या पेशीला दोन मुठी मोहरी," सरांच्या पत्नी म्हणाल्या.

उजळणीच्या दिवशी सर माझे सगळे भाग काढून कापडी पिशवीत भरत. मुलांनी न बघता हात घालायचा, लागेल तो भाग ओळखायचा, त्याचे काम सांगायचे आणि मग तो माझ्यात जागेवर बसवायचा. केंद्रक म्हणजे हेडऑफिस. तंतुकणिका म्हणजे वीजघर; अन्नातली साखर शेवटी तिथेच कामी येते. लयकारिका म्हणजे विकरांनी भरलेली थैली, मोडके, निकामी झालेले सगळे पचवून टाकणारी. चुकणाऱ्याला सर रागावत नसत. "पुन्हा पिशवीत," एवढेच म्हणत. मुले त्यांना पेशीवाले सर म्हणत, आणि मला त्याचा फार अभिमान वाटे.

सर निवृत्त झाले तशी मीही त्यांच्या घरी आले आणि कपाटावर धूळ खात बसले. पुढे चाळिशीला टेकलेल्या त्यांच्या लेकीने नोकरी सोडून प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या शिक्षणाला प्रवेश घेतला, तेव्हा मला खाली उतरवले गेले. रोज संध्याकाळी बापलेकीची उजळणी चाले.

"विकराचं नाव घोकू नकोस. ते काय तोडतं ते सांग," सर म्हणत.

मग सरांची दृष्टी गेली आणि पाठोपाठ तब्येतही. एका दुपारी त्यांनी नुसत्या बोटांनी चाचपत माझे सगळे भाग बसवले. लयकारिका केंद्रकात बसली. आठ दिवसांनी सर गेले.

लेक मला रोज पुसत असे, पण आतला एकही भाग हलवत नसे. पिशवी घडी करून ठेवून दिली होती. ती समोर बसून वाची आणि मध्येमध्ये माझ्याकडे बघत राही. परीक्षेत तिने माझी आकृती काढली, जशी मी होते तशीच. पुस्तकात वेगळे आहे हे तिला ठाऊक होते, पण हाताने ऐकले नाही. तीन गुणांनी ती नापास झाली. आता एकच संधी उरली होती. तीही हुकली तर नाव कमी होणार होते.

उत्तरपत्रिका घरी आली, तेव्हा आई कपड्यांच्या घड्या करत होती.

"ही थैली इथे कशी गं?" तिने आकृतीवर बोट ठेवले.

"बाबांनी बसवलीय."

"कचरा पचवणारी ना ती? हेडऑफिसात बसली तर सगळ्या फायली खाऊन टाकेल."

"आई, तुला काय माहीत?"

"पस्तीस वर्षं स्वयंपाकघरातून शिकवण्या ऐकल्यात. परीक्षेला तेवढं कुणी बसवलं नाही."

लेक हसली. मग हळूच म्हणाली, "त्यांनी शेवटचं ठेवलेलं आहे ते. राहू दे ना."

"त्यांना दिसत नव्हतं, बाळा. दिसलं असतं तर स्वतःलाच 'पुन्हा पिशवीत' म्हणाले असते."

मग लेकीने नखाने लयकारिका सोडवली. थोडा लाल रंग निघाला. तिने ती तिच्या खाचेत बसवली, पिशवी काढली आणि आईच्या हातात दिली. त्या दिवसापासून आई एकेक भाग पुढे करी आणि लेक सांगे. अडली, की आईचा चेहरा खुले; उत्तर तिला सांगायला मिळे.

लेक पास झाली. आता ती रोज खऱ्या पेशी बघते आणि घरी येऊन सांगते, की त्या माझ्याइतक्या रंगीत नसतात. मला त्याचे वाईट वाटत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे सगळेच सांगतात. मी म्हणेन, जपायच्या तर हाताळा. आमच्यातले काही चुकीच्या जागी बसले असेल, तर ते कोणी बसवले हे आठवत असतानाही हलकेच काढा आणि जागेवर ठेवा. माझा त्यात जरासा रंग गेला. बाकी मी ठणठणीत आहे.