सबवूफर बंद केल्यावर

परातीतले तीळ कडेपासून दोन बोटं आत सरकले होते. काही थरथरत होते, काही एका रेषेत गोळा होऊन स्थिर झाले होते. परात जमिनीवर होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर नवा सबवूफर. आई उजव्या हाताने खडे वेचत होती. डावा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"ह्या पाच बारक्या डब्ब्या मेल्यात," आण्णा रामेश्वरला म्हणाले. "एकटा हा मोठा डब्बा चालतो. फसवलं का बे मला?"

रामेश्वर गेवराईहून आला होता, महिन्यात तिसऱ्यांदा. तलवाड्याच्या आमच्या बैठकीत हे होम थिएटर त्यानेच बसवलं होतं.

"आवो काका, पाचीबी चालू हायेत," तो जोरात म्हणाला. "उलट मीच म्हणलतो, दहा बाय बाराच्या खोलीला सबवूफर लागत न्हाई. नुसत्या भिंती घुमतात. तुमीच हट्ट धरला."

"काय?"

"सबवूफर लागत न्हाई म्हणलं."

"कावून लागत न्हाई? त्योच तर वाजतोय."

मी बीडच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. चौतीस वर्षं पिठाची गिरणी आणि मिरची कुटायचा डंका चालवलेल्या माणसाच्या कानातून आधी बारीक आवाज जातात, जाड आवाज मागे राहतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. कान तपासू, असं मी आण्णांना तीन वर्षं म्हणत होते. दोष मात्र कायम आईचा. ती तोंडातल्या तोंडात बोलते, तिच्या आवाजात जोर नाही. मग टीव्हीसुद्धा तोंडातल्या तोंडात बोलायला लागला, म्हणून त्यांनी सगळ्यात मोठा डबा विकत आणला.

गेल्या महिन्यात आई न्हाणीत पडली. पाऊण तास हाका मारत होती. आण्णा सहा पावलांवर होते, ह्याच खुर्चीत. शेवटी भिंतीपलीकडून कौशल्याबाईंनी ऐकलं आणि त्या धावत आल्या. दवाखान्यात नेताना आण्णा आईला म्हणाले, "हाक तरी नीट मारायची." हे मला आईने सांगितलं नाही, कौशल्याबाईंनी सांगितलं. तू माझ्याकडे चल, असं तेव्हापासून मी रोज फोनवर म्हणत होते. ती म्हणायची, "बघू. ह्येंच्या भाकरीचं कसं?"

"ताई, आता तुमीच सांगा ह्येंला," रामेश्वर म्हणाला.

मी वाकून सबवूफर बंद केला. तीळ थांबले. टीव्हीवरच्या सिनेमात एक फौजदार एका बाईला तिच्या नवऱ्याचा पत्ता विचारत होता. शब्द न् शब्द कळत होता.

"बंद कावून केलं?" आण्णा म्हणाले.

"चालू हाय, काका," रामेश्वर ओरडून म्हणाला.

"मंग आवाज कुठाय?"

मी आण्णांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो तेवढ्याच आवाजात बोलले.

"आण्णा, आई पाऊण तास ओरडत होती. तुम्ही आला नाहीत. आणि वर तिलाच बोललात."

त्यांची मानसुद्धा हलली नाही. ते भिंतीवरच्या लहान स्पीकरकडे बघत होते.

"रिपेर हुतंय का न्हाई तेवढं सांग," ते रामेश्वरला म्हणाले.

रामेश्वरने पेचकस पिशवीत टाकला. "मशीनमदी दोष न्हाई, काका," तो खाली बघत म्हणाला आणि चप्पल घालून अंगणात गेला. ते तरी आण्णांना कळलं की नाही, माहीत नाही. "पळपुटं हाय," एवढं म्हणाले.

मला तेच सगळं आता त्यांच्या समोर उभं राहून, घसा फाटेपर्यंत ओरडून सांगायचं होतं. मी खुर्चीला वळसा घातला.

"तू थांब, अंजे," आई म्हणाली. "तू बोललीस की ते शिकल्याल्या पोरीचं बोलणं हुतंय. ह्यात तुजं काम न्हाई."

तिने परात सारली आणि भिंतीचा आधार घेत उठली. टीव्ही बंद केला. पायाने स्टूल ओढत आणलं आणि आण्णांच्या पुढ्यात बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. ती अशी कधी त्यांच्यासमोर बसलेली मी पाहिली नव्हती.

"आता हे काय नवीन?" आण्णा म्हणाले, आणि पुन्हा स्पीकरकडे बघू लागले.

आईने उजव्या हाताने त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा आपल्याकडे वळवला. हात तसाच राहू दिला. आवाज चढवला नाही. एकेक शब्द सुटा करून बोलली.

"तुमाला ऐकू येत न्हाई."

आण्णांची नजर तिच्या ओठांवर होती. "काय बी काय—"

"येत न्हाई. मी अंजूसंगं बीडला चाल्ले. आजच. तितं या, कान दाखवा, मशीन बसवून घ्या. मंग मी घरी येईन. न्हाईतर न्हाई येणार."