ग्रहणातला पेरू

यज्ञेश्वर मास्तरांच्या अंगात विज्ञान संचारलं की घरादाराची धडगत नसे. चौऱ्याहत्तर सालच्या कार्तिकी पौर्णिमेला भर संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण आलं आणि मास्तरांनी टांग्यावर कर्णा बांधून शुक्रवार पेठेत जाहीर करून टाकलं: शाळेच्या मैदानात ग्रहण समजावून सांगणार, आणि ग्रहण चालू असताना माझी गर्भार बायको सर्वांसमोर सुरीनं पेरू चिरून खाणार!

बायकोला विचारलं होतं का? छे! तिला कर्ण्यावरूनच कळलं.

पद्मजाला सहावा महिना. आधीचं मूल पाचव्यातच गेलं, तेव्हा सासूबाई रुक्मिणीबाई म्हणाल्या होत्या, "तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसलीस, दुसरं काय?" तो बोल अजून काळजात रुतून होता. आताही रुक्मिणीबाईंनी मधली खोली तयार ठेवली होती. खिडकीला गोधडी, पाणी बंद, हलायचं नाही, चिरायचं नाही, नाहीतर म्हणे मुलाचा ओठ फाटका येतो. आणि नवरा म्हणे, "तू आत बसलीस तर मी पेठेत तोंड कसं दाखवू?" इकडे आड, तिकडे विहीर. तिला ना ती खोली हवी होती, ना ते मैदान.

शेवटी नवऱ्याचा शब्द चालला. रुक्मिणीबाई दारातून म्हणाल्या, "जा. काही झालं तर मला बोल लावू नका." बोल कुणाला लागणार, हे पद्मजाला पक्कं ठाऊक होतं.

मैदानात ही गर्दी! टेबलावर गॅसबत्ती म्हणजे सूर्य, फुटबॉल म्हणजे पृथ्वी, मास्तरांच्या हातातलं मोसंबं म्हणजे चंद्र. मास्तर बोलायचे मात्र झकास.

"सूर्य, मधे पृथ्वी, पलीकडे चंद्र, असे एका ओळीत आले की आपल्या पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. बस्स! राहू नाही, केतू नाही. मग दर पुनवेला ग्रहण का नाही? तर चंद्राची वाट जरा तिरकी. बहुतेकदा तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो."

मोसंबं फुटबॉलमागे गेलं आणि काळवंडलं. वर खरा चंद्रही निम्मा गेला होता. पद्मजाला सगळं पटलं. पण पटून काय उपयोग? छातीतली धडधड थोडीच ऐकते!

मास्तरांनी तिच्या हातात सुरी दिली. सारं मैदान तिच्या पोटाकडे बघत होतं. पळणार तरी कुठं?

"अहो," ती म्हणाली, "ग्रहणात बापानंही चिरू नये म्हणतात. मूल दोघांचं आहे. पहिली फोड तुम्ही करा."

"चिरा की सर!" मागून शाळेचा शिपाई गुरप्पा ओरडला. "भ्यालात का काय?"

हशा पिकला. मास्तरही हसले. तिच्या हातून सुरी घेऊन पेरूवर टेकवली, आणि टेकवलीच. हात खाली जाईना. "बत्ती जरा मोठी करा रे," उगीचच म्हणाले.

पद्मजानं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि ती संतापली. एवढी भीती होती, तर मेली ती सुरी माझ्या हातात कशी दिलीत? पण आता नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आलेली. तिनं सुरी ओढून घेतली आणि पेरू चिरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. फोड तोंडात घातली.

घरी जाताना मास्तरांना पुन्हा कंठ फुटला. "बघितलंस? काही झालं का?"

पद्मजा पोटावर पदर घट्ट ओढून चालत होती.

"ते फाल्गुनात विचारा," ती म्हणाली. "बाळाचं तोंड बघितल्यावर."